चौघींच्या चार सुऱ्या

चार बायका दर रविवारी डबे घेऊन रानात जायला लागल्या की किस्से साठायला वेळ लागत नाही. डब्यातलं संपतं, किस्से मात्र घरी परत येतात! आमच्या हुबळीच्या कंपनीचे तर इतके साठलेत की कोणता कुठल्या वर्षाचा, हेही आता मला धड सांगता येणार नाही. लॅमिंग्टन रोडवर मोटार वाजली की माझ्या वर्गातल्या मुली खिडकीशी पळायच्या, त्या काळातले हे किस्से, एवढं नक्की.

कंपनी म्हणजे चौघीजणी. गोदाक्का या वकिलीणबाई, वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठ्या. यमुना ही बाजारातल्या एका कापडवाल्यांची सून, पुण्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली. मी मुलींच्या शाळेतली मास्तरीण, म्हणून सगळ्यांची 'बाई'. आणि चौथी तुंगाक्का.

तुंगाक्का परकर नेसायची त्या वयात विधवा झाली आणि केशवापुरात भावाकडे येऊन राहिली. लाल आलवण, डोक्यावरून पदर, तोंडात शब्द नाही. भाऊ व्यंकण्णा मारकुटे नव्हते, वाईटही नव्हते. पण उठायचं कधी, जेवायचं काय, जायचं कुठं, हे सगळं तिच्यासाठी दुसरं कुणीतरी ठरवायचं. आंबा चिरला तरी फोडी इतरांना आणि कोय हिला, वर 'कोयीपाशी जास्त गोड असतं' हे ठरलेलं. 'तुला काय हवंय ग?' असं त्या घरात तिला कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

कार्तिकातल्या आवळीभोजनाला आम्ही उणकलच्या तळ्याकाठी गेलो आणि इतकं आवडलं की कार्तिक संपला तरी थांबलो नाही. घरी सांगायचं, 'मारुतीच्या दर्शनाला जातो.' वाटेत मारुती होताच, तेव्हा खोटंही नव्हतं!

*

सुरीचं प्रकरण सुरू झालं ते गोदाक्कांच्या बोटापासून.

एका रविवारी त्यांनी वकीलसाहेबांच्या टेबलावरचा चाकू आणला होता. ऐटबाज, शिंगाच्या मुठीचा, मिटणारा. काकडी चिरता चिरता तो आपणहून मिटला तो गोदाक्कांच्या बोटावरच. रक्त आलं, पदर फाडून पट्टी झाली, यमुनेला घेरी आली. इतका वेळ शिव्या न देता थांबलेल्या गोदाक्का शेवटी कडाडल्या, "आजपासून रानात मिटणारं काही आणायचं नाही! मिटून राहायला आपण बायका आहोत की!"

तिथंच कायदा झाला. प्रत्येकीनं आपापली सुरी घ्यायची. पातं मुठीत पक्कं बसवलेलं, मिटणारं नाही. आणि जिची तिनं निवडायची, दुसरीनं मध्ये बोलायचं नाही.

"तुंगे, तुलासुद्धा हं," गोदाक्का म्हणाल्या.

"तुम्ही म्हणाल ती," तुंगाक्का म्हणाली.

गोदाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. परतताना टांग्यात त्या हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाई, सुरी गेली खड्ड्यात. हिच्या तोंडून 'मला हे हवं' एवढं एकदा ऐकायचंय मला. नाहीतर ही अशीच मरून जायची."

*

पहिला मान अर्थातच गोदाक्कांचा. दुर्गदबैलाच्या बाजारात जाऊन त्यांनी सगळ्यांत मोठी सुरी उचलली. सुरी कसली, कोयताच तो! म्यान मिळालं नाही, म्हणून पुढच्या रविवारी तसाच हातात धरून त्या टांग्याच्या अड्ड्यावर आल्या.

आम्हाला उशीर झाला होता. गोदाक्कांनी घाईघाईनं हात वर करून टांगेवाल्याला हाक मारली. हातात काय आहे ते त्या विसरल्या होत्या, टांगेवाल्याला मात्र ते स्पष्ट दिसत होतं. त्यानं लगाम खाली टाकला, हात जोडले आणि म्हणाला, "अक्कार, टांगा निम्दऽ तगोरी!" म्हणजे, अक्का, टांगा तुमचाच, घेऊन जा!

आणि एवढं करून त्या कोयत्यानं काकडी काही चिरता येईना. काकडीचा लगदा व्हायचा. तो कोयता पुढं जन्मभर नारळ फोडायला राहिला, आणि गोदाक्का गुपचूप यमुनेची सुरी मागायला लागल्या.

*

पण यमुनेची सुरी ही आणखी वेगळीच कथा.

ती माझ्याकडे कानडी शिकत होती. चार वाक्यं आली आणि बाईसाहेबांना पंख फुटले. "लोहाराशी मीच बोलणार," म्हणाली. "तुम्ही कुणी तोंड उघडायचं नाही." आम्ही नाही उघडलं.

लोहार बसप्पा फार शांत माणूस. त्यानं लांबी विचारली, तिनं चार बोटं दाखवली. त्यानं मुठीला लाकूड दाखवलं, तिनं मान हलवली. मग त्यानं विचारलं, "अक्कार, हरित बेकेन्री?"

यमुनेला वाटलं, मूठ हिरव्या रंगाची हवी का असं विचारतोय. ती दोन्ही हात हलवत म्हणाली, "ब्याड, ब्याड! हरित ब्याड! कप्प इर्ली!" नको, हिरवी नको, काळी असू दे!

बसप्पानं तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. मला सगळं कळलं होतं. गोदाक्कांनी माझा दंड असा काही दाबला की बोलायची सोय नव्हती.

आठवड्यानं सुरी आली. मूठ काळीभोर, सुरेख, पातं चकचकीत आणि त्यानं लोणीसुद्धा कापता येईना! यमुना तणतणत परत गेली. बसप्पा तितक्याच शांतपणे म्हणाला, "नीवऽ हेळीरल्री, हरित ब्याड अंत!" तुम्हीच म्हणालात ना, धार नको म्हणून! कानडीत हरित म्हणजे धारदार, हे पुण्याच्या मुलीला कुठून ठाऊक असणार?

यमुना आधी रडली, मग हसली. बसप्पानं तिथंच धार लावून दिली. त्या दिवसापासून आमच्यात धारदार गोष्टीला हिरवी म्हणायचा प्रघात पडला. मी एखादीला जास्त बोलले की गोदाक्का म्हणायच्या, "बाई, आज जीभ फार हिरवी झालीय!"

*

आता माझं. हसायचं नाही.

मी शिकलेली. मी लोहाराकडे कशाला जाते! लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाच्या काचेत एक सुरी पाहिली होती, हस्तिदंतासारखी मूठ, निमुळतं पातं, वर वेलबुट्टी कोरलेली. घेऊन आले आणि आठवडाभर उशाशी ठेवली.

रानात चूल पेटवायला ढलप्या हव्या होत्या. मी पुढं झाले, वाळक्या फांदीत पातं रोवलं आणि जरा दाबून ओढलं. मूठ माझ्या हातात आली, पातं फांदीतच! दोन भागांचा जोड बघितला तर पात्याचं शेपूट मुठीत जेमतेम नखाएवढं गेलेलं. वर सगळी वेलबुट्टी, आत काही नाही.

गोदाक्का फांदीपाशी गेल्या, पातं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या मुलीही अशाच पास होतात काय हो?"

पुढची सुरी मी निमूटपणे बसप्पाकडूनच करून घेतली. पात्याचं शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जातं की नाही ते स्वतः उभं राहून बघितलं.

*

धारेची वस्तू हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. आम्हीही पाळायचो. देणारीनं सुरी खाली ठेवायची, घेणारीनं उचलायची. घरात ठीक आहे हो, पण तळ्याकाठी गुडघाभर गवत!

यमुनेनं गोदाक्कांसाठी आपली सुरी खाली ठेवली ती गेलीच. आम्ही तिघी गुडघ्यांवर बसून गवत चाचपडतोय. गोदाक्का म्हणतात, इथं ठेवली. यमुना म्हणते, तिथं. मी म्हणते, तुम्हाला साधी खूण ठेवता येत नाही का. आवाज चढत गेले. हातातून हातात दिली असती तर जेवढं भांडण झालं असतं, त्याच्या दुप्पट झालं! यमुना फुगून तळ्याकडे तोंड करून बसली.

आणि तुंगाक्का शांतपणे उठली, बाभळीच्या बुंध्याशी गेली, सुरी उचलली आणि डब्याच्या झाकणावर आणून ठेवली.

"तुला दिसत होती?" गोदाक्कांनी विचारलं.

"होय की. पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस ग?"

तुंगाक्का जराशी गोंधळली. म्हणाली, "मला कुणी विचारलं नाही की."

कुणालाच हसू आलं नाही. गोदाक्का तिच्याजवळ सरकून बसल्या आणि परतेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

*

तुंगाक्काला आम्ही बसप्पाकडे नेलं. एकदा नाही, कितीतरी वेळा. तो बिचारा गोणपाटावर सुऱ्या मांडून ठेवायचा. लहान, मोठी, सरळ, बाकदार.

"कुठली हवी, तुंगे?"

"तुम्ही म्हणाल ती."

यमुनेनं युक्ती केली. सगळ्यांत वाईट, गंजकी, वाकडी सुरी पुढं केली. आता तरी नको म्हणेल! तुंगाक्का म्हणाली, "चांगली आहे."

गोदाक्कांचा तोल गेला. "अग, एकदा तरी नाही म्हण! नाहीतर आम्ही तुला काही घेऊन देणार नाही, बस तशीच!" तुंगाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. वाटेत सगळ्यांत जास्त रडल्या त्या गोदाक्का.

मग कितीतरी रविवार तुंगाक्का सुरीवाचून येत राहिली. आम्ही आपली द्यायला गेलो की म्हणायची, "असू दे." काकडी हातानं मोडायची. पण आम्ही काही कापत असलो की बघत मात्र असायची. अगदी बारकाईनं.

*

असंच एकदा बाजारात आम्ही रिठे घेत होतो आणि तुंगाक्का हरवली. मागं वळून बघितलं तर नाहीच! जी कुणाला न विचारता उंबरा ओलांडत नाही, ती गेली कुठं? यमुना देवळात धावली, मी टांग्याच्या अड्ड्यावर. व्यंकण्णांना काय सांगणार?

शेवटी गोदाक्कांनीच आम्हाला खुणेनं बोलावलं. बसप्पाच्या भात्याच्या आडोशाला त्या उभ्या होत्या, तोंडावर बोट ठेवून.

आत तुंगाक्का बसली होती. समोर सुऱ्या. ती कानडीत बोलत होती, आणि चक्क भांडत होती! ही नको, हिची मूठ जाड, माझ्या मुठीत मावत नाही. ही नको, लांब आहे, काकडी चिरायची की बोकड? हिचं शेपूट दाखव. एवढंच? मग नको. बसप्पा एकेक बाजूला ठेवत होता. घाम पुसत होता, पण माणूस खूश दिसत होता.

शेवटी तिनं एक साधीच सुरी उचलली. वीतभराहून आखूड, शिसवी मुठीची. अंगठा पात्यावर आडवा फिरवून बघितला. मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली.

"ही," ती म्हणाली. आणि मग कुणीही विचारलेलं नसताना म्हणाली, "मला ही हवी."

गोदाक्का तिथंच ऐरणीशेजारच्या ओंडक्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून हमसाहमशी रडायला लागल्या. बसप्पा घाबरून मला विचारतो, "बाईसाब, भट्टीची ठिणगी उडाली का त्यांच्या डोळ्यात?"

"होय," म्हटलं. "उडाली."

*

आता शेवटचा, आणि माझा सगळ्यांत लाडका.

तुंगाक्कानं जाड कापडाचं म्यान शिवलं आणि सुरी स्वयंपाकघराबाहेरच्या खुंटीला टांगली. घरात कुजबुज झाली, पण व्यंकण्णा काही बोलले नाहीत. वैशाखातला रविवार. आम्ही तिघी तिला न्यायला गेलो होतो. धारवाडहून आंब्यांची करंडी आलेली, सगळ्या घरात वास. व्यंकण्णा झोपाळ्यावर. त्यांनी करंडीतला सगळ्यांत मोठा आपूस उचलला, खुंटीपाशी गेले, सुरीकडे हात नेला आणि थांबले.

का थांबले, देव जाणे. मग घसा खाकरून म्हणाले, "तुंगा, तुझी सुरी घेऊ का ग?"

आतलं भांड्यांचं वाजणं एकदम थांबलं. वहिनी दारात आल्या. गोदाक्कांनी माझा हात धरला.

तुंगाक्का म्हणाली, "नको, अण्णा."

व्यंकण्णांचा हात तसाच राहिला. तुंगाक्का पुढं आली, त्यांच्या हातातून आंबा घेतला, खुंटीवरची सुरी काढली आणि खाली बसली. आंबा धुतला, चिरला. सावकाश, एकसारख्या, मोठ्या मोठ्या फोडी. एक वहिनीच्या हातात दिली, एकेक आम्हा तिघींना, आणि एक चांगली जाड फोड आपल्या पुढ्यात ठेवली. मग कोय उचलून ताटलीत घातली आणि ताटली झोपाळ्याशी नेऊन भावाच्या हातात दिली.

"घे अण्णा," ती म्हणाली. "कोयीपाशी जास्त गोड असतं."

व्यंकण्णांनी कोयीकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. मग धोतर सावरून नीट बसले आणि मनगटापर्यंत रस ओघळेस्तोवर ती कोय चोखत राहिले.