चावणारा कुत्रा पाहिजे

बोरी अरबला माझी पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. पट्टा चढवणं, दळणाच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावणं, सगळं माझ्याच हातचं. पट्ट्यानं एकदा मनगट सोलून काढलं होतं, त्याचा व्रण अजून आहे. बाजाराच्या दिवशी माझ्या दारात डबे ठेवायला जागा पुरायची नाही. बाया डबा ठेवायच्या, सासूचं गाऱ्हाणं सांगत बसायच्या आणि दळण झालं तरी हलायच्या नाहीत. मग माझ्या मुलानं पुण्याहून कुत्रा आणला, आणि बघता बघता दारात चिटपाखरू उरलं नाही.

कुत्रा पिटबुल होता. मुलाच्या मित्रानं हौसेनं घेतला आणि परदेशी जाताना याच्या गळ्यात टाकला. टीव्हीवर पिटबुलच्या बातम्या सुरू झाल्या तशी घरमालकानं मुलाला सांगितलं, कुत्रा ठेव नाहीतर खोली ठेव. दुसरी खोली मिळेपर्यंत आईकडे ठेवू, असं त्यानं परस्पर ठरवलं आणि गाडी करून घेऊनच आला. मी भडकले. "मी काय सर्कस काढू काय इथं?" म्हटलं. तोवर तो कुत्रा माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपलासुद्धा होता.

त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेला काही वळेना. मी 'ए बाबा' म्हणायची आणि तो यायचा. रंग तपकिरी, छाती पांढरी, डोकं पाट्यासारखं रुंद. जोर एवढा की त्यानं ओढलं की मी फरफटत जायची. पण गिरणी सुरू झाली की हे धूड बारदानाखाली तोंड खुपसून थरथरायचं. संध्याकाळी बाहेर काढावं तर पिठानं पांढराफटक. थंडी त्याला सोसायची नाही, म्हणून माझी जुनी गोधडी त्याच्या नावे झाली. अख्खं गाव ज्याला वाघ समजत होतं, तो माझ्या घरी गोधडीत घोरत होता.

गावाचं ज्ञान मात्र अफाट होतं. "काकू, त्याचा जबडा लॉक होते म्हणते. एकदा धरलं का सळई घालूनच सोडवा लागते." दुसरा म्हणायचा, "त्याचा मेंदू वाढत जाते अन् कवटीत मावत नाई. मग ते मालकालेच खाते." हे सगळं त्यांना मोबाइलवर दिसलेलं. ज्यानं जन्मात पिटबुल पाहिला नव्हता तो सगळ्यात जास्त बोलायचा.

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, जबड्यात कुलूपबिलूप काही नसतं. कोणत्याही कुत्र्यासारखाच जबडा आहे. धरलं तर लवकर सोडत नाही, हे मात्र खरं. मेंदूची तर निव्वळ थाप आहे." मग त्यानं मला त्या जातीची कहाणी सांगितली. पूर्वी विलायतेत माणसं यांना बैलांच्या अंगावर सोडायची आणि तमाशा बघायची. त्यावर बंदी आली तेव्हा खड्ड्यात उतरवून कुत्र्यांनाच एकमेकांशी झुंजवायला लागली. खड्ड्याला इंग्रजीत पिट म्हणतात, त्यावरूनच हे नाव आलं. झुंज चालू असताना माणसं आत उतरून कुत्र्यांना हातानं सोडवायची, म्हणून माणसाला चावणारा कुत्रा ठेवत नसत, असंही लोक सांगतात. "हे कितपत खरं ते मला माहीत नाही," मुलगा म्हणाला. "पूर्वी यांच्यावर लेकरं सोपवून जायचे असंही कुणी कुणी लिहितं, ते तर मागाहून जोडलेलं आहे. आपल्या बाजूचं आहे म्हणून खोटं कशाला सांगायचं?"

त्याचं हे बोलणं मला पटलं. दारव्ह्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तर तेही सरळच बोलले. "स्वभावानं चांगला आहे. पण जोर फार आहे, आणि दुसऱ्या कुत्र्याशी कसा वागेल याची हमी मी देणार नाही. मोकळा सोडू नका. आणि त्याला राक्षसही समजू नका, देवही समजू नका." मी आल्यावर हे गिरणीत सगळ्यांना सांगितलं. त्यातलं 'हमी देणार नाही' एवढंच गावभर झालं.

पट्ट्यानं बांधला तर लोक म्हणाले, चामडं तोडेल. मग मी बैलाची साखळी आणून लोखंडी खांबाला बांधला. तीच मला नडली. त्या कुत्र्याला एक सवय होती. माणूस दिसलं की तो नुसती शेपूट नाही, कमरेपासून सगळं अंग हलवायचा, आणि साखळी खणाखणा वाजायची. बाहेर डबा घेऊन आलेली बाई तो आवाज ऐकायची आणि रस्त्यातूनच परत फिरायची. "खवळला वाटते माय." मी पीठभरल्या हातानं धावत बाहेर जायची, "अवं, लाडात आला तो, खवळला नाई," असं ओरडायची. तोवर ती कोपऱ्यावर पोचलेली असायची. दळण दुसरीकडे जायला लागलं. मला रडू यायचं आणि रागही यायचा, आणि राग काढायला घरात फक्त तोच होता. त्याच्यावर ओरडलं की तो पंजा पुढे करायचा. मुलानं शिकवलेलं होतं.

अशात बसस्टँडजवळ एका पोरीला गावातल्या भटक्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. कुत्रं सगळ्यांच्या ओळखीचं, हॉटेलाच्या मागं पडून असणारं. पोरीला सुया लागल्या, आणि ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली ती माझ्या कुत्र्यासाठी. मी म्हटलं, "चावलं कोण अन् सजा कोणाले?" एक जण म्हणाला, "त्या साध्या कुत्र्यानं एवढं फाडलं, तर तुमचं काय करन? इचार करा ना काकू." हा विचार त्यांनी केला होता. पुढच्या बाजाराच्या आत कुत्रा गावाबाहेर गेला पाहिजे, असं ठरलं. निघताना एक जण हळूच म्हणाला, "कायले एवढा घोर करता? भज्यात गोळी घातली का मिटलं."

मी दर रविवारी विहारात बसून पंचशील म्हणते. पहिलं शील जीव न घेण्याचं आहे, आणि ही भज्याची युक्ती सांगणाराही माझ्या मागं बसून तेच म्हणतो. त्या दिवसापासून मी कुत्र्याला कुणाच्याही हातचं खाऊ दिलं नाही. अंगणात भज्याचा तुकडा पडलेला दिसला तरी मी तो उचलून चुलीत टाकायची.

मुलगा पुण्यात वणवण फिरत होता. कुत्र्याचं नाव काढलं की दार बंद. फोनवर तो एकदा नुसता रडला. मी ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. शेवटी मारेगावला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मले असाच पाहिजे. घेऊन ये." मला वाटलं, सुटले. गावातल्या एका छोटा हत्ती टेम्पोवाल्याला हातापाया पडून तयार केलं. तो वाटभर आरशात मागं बघत होता. यवतमाळच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा त्यानं काठीच्या टोकावर बिस्कीट ठेवून लांबूनच कुत्र्यापुढं धरलं. कुत्र्यानं ते अलगद उचललं आणि काठी चाटली.

भावाचं शेत जंगलाला लागून. रानडुकरं कपाशी नि तूर नासवतात, म्हणून त्याला कुत्रा हवा होता. त्यानं कुत्र्यासाठी ठरवलेली खोली दाखवली. एकही खिडकी नाही. "अंधारात ठेवतो काही दिवस. भाकरीसंगं लाल तिखट चारतो, अर्धपोटी ठेवतो. मग पाह्य कसा खवळते."

मी म्हटलं, "तिखटानं पोट जळते बाबू. हिंमत नाई येत."

"सगळे असंच करते, ताई."

"अन् रानात वाघ आला तर? हा साखळीले बांधलेला असन."

तो चिडला. "मंग लाड करून घ्याले पाहिजे होता का मले? डुकरं याच्या लाडाले भितीन?" तो काही चुकीचं बोलत नव्हता. त्याला हवा होता तो कुत्रा माझ्याकडे नव्हताच. जेवायचा आग्रह झाला, पण मी ताटावरून उठले. मी परत गाडीपाशी आले तर ड्रायव्हर मागं फाळक्यावर बसलेला, आणि कुत्र्याचं डोकं त्याच्या मांडीवर. "काकू, हे तर येडं हाय पुरतं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

जे भीत होते त्यांना तो मेलेला हवा होता. जे मागत होते त्यांना तो फाडणारा हवा होता. तो जसा होता तसा मी आणि माझा मुलगा सोडून कुणालाच नको होता. मला त्या गाडीत बसून ओरडावंसं वाटलं.

भावानंच मग राजूरचा एक कोळशाच्या डेपोवाला सुचवला. डेपोला टिनाचं उंच कुंपण, आत काळे ढीग. माणूस पन्नाशीचा, बोलायला रोखठोक. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "चावते काय?"

माझ्या उत्तराआधीच त्यानं काठी उगारली. कुत्रा खाली बसला आणि पंजा पुढे केला. मग उठून त्याचा हात चाटायला लागला. डेपोवाला माझ्याकडे बघतच राहिला. सगळं संपलं असं मला वाटलं. मी हात जोडले. "दादा, बाजाराच्या आत याले ठेवलं नाई तर गावात मारून टाकतीन. मले दुसरी जागा नाई."

तो दाढी खाजवत म्हणाला, "मले त्याच्या चावण्याचं काय करायचं? चोरानं भ्यावं, बस. पोटभर खायला देईन, सावलीत बांधीन, मारणार नाई. पण एक हाय. याले कोणी हात लावायचा नाई. हा असा चाटते हे बाहेर समजलं, तर उद्या चोर याले बिस्कीट दाखवून ट्रक भरतीन. मग मी याले कायले पोसू?"

तेवढ्यात डेपोवरची माणसं गोळा झाली. लांबच उभी. त्यातल्या एकानं विचारलं, "बाई, पिटबुल ना हे? चावते काय?"

डेपोवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. कुत्राही बघत होता, जीभ बाहेर काढून. एवढे दिवस मी गावाशी, भावाशी भांडले होते ते याच एका गोष्टीसाठी. मी बाही वर केली आणि मनगटावरचा गिरणीच्या पट्ट्याचा व्रण त्यांना दाखवला.

"चावते," मी म्हटलं. "मालकीण हाय मी, तरी मले सोडलं नाई."

माणसं आणखी मागं सरली. एकानं तोंडानं 'बाप रे' केलं. पहिलं शील राखायला मी चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडलं होतं, आणि तेही कुत्र्यासमोर. त्याला खांबाला बांधताना मी गोधडी खाली अंथरली. डेपोवाल्यानं तीही उचलून माझ्या हातात दिली. "लोक हसतीन," म्हणाला.

परत येताना ड्रायव्हर एकाएकी म्हणाला, "काकू, मी गावात सांगतो ना सगळ्याईले, का हा चावत नाई. घेऊन येऊ परत."

"तुह्या एकट्याचं कोण ऐकते? अन् कोणाले सांगूही नको. डेपोपर्यंत गेलं तर तिथूनही जाईन तो."

गिरणीत पुन्हा डबे आले. बाया म्हणाल्या, बरं केलं काकू, आता कसं मोकळं वाटते. मी दळत राहिले. मुलाला फोनवर सांगितलं, "राखणीला लागला तो, मजेत आहे." त्याला अजून खोली मिळालेली नाही. रविवारी विहारात चौथं शील आलं की मी नुसते ओठ हलवते.

परवा न राहवून राजूरला गेले. डेपोवाल्यानं फोनवर आधीच सांगितलं होतं, आत येऊ नका, तुम्हाले पाहून ते लाडात येईन. म्हणून कुंपणाबाहेरच उभी राहिले. आतलं काही दिसत नव्हतं. वाऱ्यावर माझा वास गेला असावा. आत साखळी खणाखणा वाजायला लागली.

रस्त्यानं कामावर जाणाऱ्या दोन बाया होत्या. एकीनं माझा हात धरून ओढलं. "पळा ना बाई, कायले उभ्या राह्यल्या? खवळला तो! लय चावते म्हणते, आपल्या मालकिणीलेच फाडलं त्यानं."

मी बाही मनगटावर ओढून घेतली आणि त्यांच्याबरोबर पळाले. मागं बराच वेळ साखळी वाजत होती.