श्रीशैलमला पायी निघालेले एल्लय्या

महाशिवरात्रीला आठवडा होता. रविवारी सकाळी सात वाजता मी आणि कुसुममावशी श्रीशैलमच्या रस्त्यावर एका चिंचेखाली फोल्डिंगचं टेबल मांडून उभ्या होतो. हैदराबाद तासाभराच्या अंतरावर मागे राहिलं होतं.

कुसुममावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. जन्म हैदराबादच्या काचीगुड्यातला, आणि सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झालेली. या दिवसांत शेकडो माणसं व्रताची शिवमाला घालून, भगव्या लुंगीत, अनवाणी श्रीशैलमला चालत जातात... मावशी दर वर्षी त्यांना खायला-प्यायला द्यायला जातात. यंदा त्यांची नेहमीची मैत्रीण आजारी पडली, म्हणून मी गेले.

आणि मी काय केलं, तर पहाटे उठून पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली! देवाला चाललेत म्हणजे उपास असणार, असं माझं मीच ठरवून टाकलं.

पहिला घोळका आला. सगळ्यांनी हात जोडले, ताक प्यायलं, केळी घेतली... आणि खिचडीकडे बघून नम्रपणे पुढे गेले. दुसऱ्याचंही तेच. मग मावशींच्या लक्षात आलं. "अगं, यांचं जेवण दुपारी एकदाच असतं. भिक्षा म्हणतात त्याला. तुला सांगायचं राहिलंच बघ."

माझं तोंड उतरलं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसांच्या पायांपेक्षा माझ्या खिचडीचं जास्त वाईट वाटत होतं.

नऊच्या सुमारास एक स्वामी (माळ घातलेल्या प्रत्येकाला तिथे असंच म्हणतात) एकटेच आले. पन्नाशीचे असतील. टाचेऐवजी चवड्यावर भार देत, काठी टेकत चालले होते. सोबतचे पुढे निघून गेले होते. मावशींनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाय उचलून बघितला. टाच उभी फाटली होती, आत खडी रुतलेली.

मावशी सरळ खाली मातीत बसल्या. गरम पाण्याचा थर्मास मागितला, बादलीत मीठ टाकायला सांगितलं. तसे ते गृहस्थ पाय मागे घ्यायला लागले.

"नक्को अम्मा, पाँव को हात नक्को लगाव."

"गप बैठो स्वामी. चालीस साल येइच काम करी मैं."

ते मावशींशी बोलत होते, पण बघत होते माझ्याकडे. मग हळूच म्हणाले, की मी तुम्हाला ओळखतो अम्मा, कुकटपल्लीला तुमच्याच गल्लीत ड्रेनेजचं काम करतो. अकरा वर्षं झाली... म्हणून म्हणतो, या अम्मांना माझे पाय धरू देऊ नका.

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, कपाळभर विभूती. तरी ओळखायला हवं होतं. चेंबर तुंबलं की हेच यायचे. गेटपाशी उभं राहून पाणी मागायचे आणि मी द्यायचे... त्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून.

मावशींचा हात एकदाही थांबला नाही. चिमट्याने खडे काढता काढता त्यांनी नाव विचारलं. एल्लय्या. नवस कसला, तेही विचारलं. मागच्या वर्षी आमच्याच गल्लीत चेंबरमध्ये उतरले असताना त्यांना गॅस चढला होता. बेशुद्धीत दोरीने वर ओढलं. चार दिवसांनी शुद्ध आली; त्या चार दिवसांत बायकोने बोललेला नवस होता हा.

तो दिवस मला आठवत होता. कोणी कामगार आत पडला, एवढं ऐकलं होतं. रस्ता अर्धा दिवस बंद होता. सोसायटीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला होता... गाडी कधी काढता येईल?

हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. मावशी पट्टी गुंडाळत होत्या, तर मी खाली बसले आणि त्यांचा पाय माझ्या मांडीवर धरून ठेवला. तेवढंच सुचलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मावशींनी गाडीने पुढच्या मुक्कामाला सोडतो म्हणून खूप सांगितलं. ते ऐकेनात. शेवटी पट्टीवरून जुना पायमोजा चढवून घेतला आणि काठी टेकत निघाले. वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघी बघत होतो.

शिवरात्र झाली. पुढचे काही दिवस मी गल्लीत त्यांना शोधत होते. मग एका सकाळी बेल वाजली. दारात एल्लय्या, दाढी काढलेली, पाय जरा लंगडत, हातात प्रसादाची पुडी. मी आत या म्हटलं. ते दोनदा नको म्हणाले, मग आले. आम्ही चहा घेतला... सारखेच कप, दोघांनाही.

उठताना त्यांनी जरा संकोचत माझं नाव विचारलं. म्हणाले, देवासमोर दोघींसाठी मागायचं होतं. तुम्ही एकमेकींशी बोलताना मावशींचं नाव कानावर पडलं होतं, तुमचं ठाऊक नव्हतं. मग मी देवाला सांगितलं, तीनशेचार नंबर फ्लॅटच्या अम्मांना सुखी ठेव.

मी नाव सांगितलं. ते गेल्यावर बराच वेळ दाराशीच उभी होते. ज्या माणसाचं नाव मी अकरा वर्षांत विचारलं नव्हतं, तो फाटलेल्या टाचेने इतकं चालत गेला आणि तिथे जाऊन माझ्यासाठी मागून आला...