माडीवरचा बोकड

"अवो, भाजीत शेण पडून राह्यलं! थांबा ना बाप्पा!"

खालून बकुळाबाई ओरडत होत्या. वर माडीवर त्यांचे यजमान डोमाजी, धोतराचा काचा मारून, कोपरापर्यंत हात शेणात बुडवून माझ्या खोलीची जमीन सारवत होते. जमीन मातीची असती तर प्रश्न नव्हता. ती होती सागवानी फळ्यांची, आणि दर दोन फळ्यांमध्ये उंदीर कुटुंबासह जाईल एवढी फट. हिरवं पाणी त्या फटींतून खाली चुलीवर टपकत होतं. डोमाजींनी एका फटीला तोंड लावलं आणि "झाकण ठेव त्यावर!" असं सांगून पुढचा हात फिरवला. त्या दिवशी त्या घरात वांग्याची भाजी कोणी खाल्ली नाही. मी तर पुढे वर्षभर वांग्याला हात लावताना आधी त्याला उलटंसुलटं करून पाहत असे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी पुलगावला शाळामास्तर म्हणून नवा नवा आलो होतो. डोमाजींनी भाड्याची माडी दाखवली तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि बाहेर वारा सुटला होता, म्हणून मी फसलो. रात्री खिडक्या लावल्या आणि तो आला. त्याला वास म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं आहे. आंबूस, तिखट, केसाळ असा तो प्रकार होता. दूध वर नेलं तर जिन्यातच नासायचं. भिंतीवरची पाल चवथ्या दिवशी बिऱ्हाड हलवून अंगणातल्या पेरूवर राहायला गेली. मी वर्गात शिरलो की पुढच्या बाकावरची पोरं आपणहून मागे जात, आणि मागची ढ पोरं उठून घरी.

वास बोकडाचा होता. डोमाजींनी कधीकाळी देवीला बोकड कबूल केला होता. पिल्लू आणलं, त्याचं नाव राजा ठेवलं आणि तिथेच घात झाला. नाव ठेवलेल्या जिवावर सुरी कोण चालवणार? दर वर्षी नातेवाईक जेवणाच्या आशेने जमत, दर वर्षी डोमाजी राजाला माडीवर कोंडत आणि देवीपुढे हात जोडून सांगत, "माय, यंदा बारीक हाये. पुढच्या साली देतो." देवीही बिचारी थांबत गेली. राजा माडीवरच वाढला, माडीवरच म्हातारा झाला, आणि बोकड आपल्या दाढीवर आणि आजूबाजूला जे जे करतात ते ते सगळं त्याने त्या सागवानावर मनसोक्त केलं. शेवटी तो म्हातारपणाने मेला. फळ्यांनी मात्र त्याला मरू दिलं नाही.

डोमाजींचं म्हणणं साधं होतं. "वास पाहुण्यासारका असते मास्तर. त्याले पाय धुवाले पाणी नाई देलं का आपोआप जाते." मी म्हटलं, तुमचा पाहुणा माझ्या उशाशी झोपतो. तर म्हणाले, "मंग तुमीच काऊन पाणी देता त्याले?"

हे मी हसण्यावारी नेलंही असतं, पण नुकतंच माझं लग्न झालं होतं. सुमन माहेरून, आंजीहून आली, ट्रंक हमालाच्या डोक्यावर, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली. पदर नाकाला लावून तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. वास माझाच असावा असा तिला संशय आला असणार. "वरतं काय मेलं हाये?" तिने विचारलं. मी बोकडाचं सांगितलं. "मंग त्याच्याच संगं राहा," ती म्हणाली, आणि हमालाला तसंच परत फिरवलं. आंजीहून निरोप आला तो एवढाच, की वास गेला तर येईन, नाही तर नाही.

मग डोमाजी पेटले. आपल्या बोकडापायी मास्तराचा संसार मोडतो म्हणजे काय! आधी ते सारवण झालं. वासाला शेणाची जोड मिळाली. मग कडुलिंबाचा पाला जाळला. गल्लीतले लोक घागरी घेऊन आग विझवायला धावले. नंतर तिसऱ्या दिवशी डोमाजी टपाल कचेरीतून धावतच आले. "मास्तर, पाकिटाले लाख लावतेत. आतला शबद बाहीर येत नाई, तं वास काय येईन?"

माझ्या आयुष्यात मी ऐकलेला हा सर्वांत मूर्ख आणि सर्वांत बरोबर विचार. खुर्च्यांना पॉलिश करणाऱ्याकडून चपडा लाख आणि स्पिरिट आणलं. फळ्या सोड्याने धुतल्या, खिडक्या उघड्या टाकून कडक वाळू दिल्या, फटींत लाकडाचा भुसा आणि लाख ठासली आणि वरून चपड्याचे हात द्यायला लागलो. धुताना जे निघालं त्याचं वर्णन मी करणार नाही. लोक जेवून वाचायला बसतात.

आता, आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. स्पिरिटचा वास गल्लीभर गेला आणि हवालदार जिना चढून वर आला. नाक फुगवून म्हणाला, "दारूचा वास येऊन राह्यला. बोकडाचा बी येऊन राह्यला. पंगत कुठं लपवली?"

डोमाजींचा चेहरा पडला. "साहेब, बोकड मेला. खाल्ला नाई त्याले."

हवालदाराला ते पटेना. पुरावा म्हणून तो गुडघ्यावर बसला आणि न रंगवलेल्या फळीला नाक लावून त्याने दीर्घ श्वास घेतला. पुढचं मी शपथेवर सांगतो: तो जिना उतरला नाही, जिना त्याच्या खालून निघून गेला. अंगणातल्या पेरूखाली त्याने सकाळचा, आदल्या रात्रीचा आणि बहुधा आदल्या सणाचाही फराळ काढून ठेवला. पाल तिथूनही हलली.

तिसऱ्या हातानंतर वास दबला. मी आंजीला निरोप धाडला. सुमन आली, सगळ्या पायऱ्या चढली, खोलीच्या मध्यभागी उभी राहून तिने हवा हुंगली आणि तरातरा कोपऱ्यात गेली. तिथे माझी पेटी होती. ती सरकवताच खाली एक फळी कोरडी, काळी, बिनलाखेची. भपकारा थेट डोळ्यांत गेला.

"डोमाजी!" मी किंचाळलो.

ते दारातच होते. खाली पाहत म्हणाले, "तेवढी सोडली मी. तिथं बसे तो." मग सुमनकडे वळले. "बाई, तू म्हणशीन तं आत्ता लावतो."

मी श्वास रोखला, दोन्ही कारणांनी. सुमनने ट्रंककडे पाहिलं, डोमाजींकडे पाहिलं, आणि पेटी पायाने पुन्हा जागेवर ढकलली. "पेटी हालवजा नोका," ती मला म्हणाली, आणि चूल कुठे मांडायची ते बघायला लागली.

पुढे डोमाजी अधूनमधून वर येत, "पेटीले वाळवी लागली का पाहतो" म्हणत, आणि कोपऱ्यात वाकून बराच वेळ वाळवी पाहत. आम्ही दोघं तेवढ्यात खिडकीतून डोकं बाहेर काढून उभे राहत असू.

डोमाजी वारले ते त्याच घरात. तेरावं आटोपल्यावर मी खाली गेलो. बकुळाबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी आवाज जमेल तितका हळवा करून विचारलं, "बाई, त्या फळीला आता हात लावायचा नाही ना? तशीच ठेवू?"

त्यांनी डाळीतला एक खडा अंगणात फेकला.

"लावा ना लाख. घाण वास येते."