चढावर न थांबवलेली गाडी

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची झाली की एकच वाक्य ऐकू येतं – ‘वैनींनी बघितली ना? मग झालं.’ पाण्याची मोटर असो, पत्रे असोत, नाहीतर दुभती म्हैस. आठ वर्षं हे वाक्य माझ्या कानावर पडतं आणि आठ वर्षं मी मान खाली घालून हातातलं काम करत राहते. का, ते माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आईला ठाऊक नव्हतं, ती तशीच गेली. ज्यांना ते कळायलाच हवं त्यांना तर मी मुद्दाम कळू दिलेलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून असेल.

रडारड मला जमत नाही. तेव्हा सरळ गाडीपासूनच सुरू करते.

आमचं घर विंझरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. शेती बघतो ते आम्ही तिघं – माझे धाकटे दीर दत्तू भावजी, त्यांची बायको मंगल आणि मी. आमच्याकडे भातखाचरं लहान. ट्रॅक्टर त्यात वळत नाही. म्हणून चिखलणीला टिलर लागतो – मागून दोन हातांनी धरून चालवायचा, अवजड, पण खाचरात फिरतो. भावजींनी तो घेतला आणि गावोगाव चिखलणीची कामं धरली. पण टिलर न्यायचा कसा? दर वेळी दुसऱ्याचा टेम्पो बघा, तो येईपर्यंत खाचरातलं पाणी ओसरायचं. शेवटी भावजींनी एक लहान, दोन चाकी ट्रॉली बनवून घेतली आणि ती ओढायला गाडी हवी असं ठरलं. नवी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची, पण घरचीही व्हायला हवी – लग्नाकार्याला, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला.

गाड्या बघायचं काम माझ्याकडे आलं. मी स्कूटीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं चालवते, आणि समोरचा माणूस गोड बोलायला लागला की मी खाली वाकून इंजिन बघते, अशी माझी ख्याती. भोरला एक पांढरी, चकचकीत गाडी बघितली. ओढ सगळी पुढच्या चाकांना, मागे ट्रॉली लावली की बूड टेकणार – नको. दुसरीचा हूक बंपरला वेल्डिंग करून चिकटवलेला. बंपरवर ओझं ओढायचं म्हणजे एक दिवस बंपरच ट्रॉलीबरोबर जाणार – तीही नको. तिसरी भोंगवलीत निघाली. सात जण बसतील अशी डिझेल गाडी, जोर मागच्या चाकांना, हूक खाली चॅसीला बोल्टनं पक्का. मालक तिला पाण्याच्या टाकीची ट्रॉली लावायचा.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. इथपर्यंत सांगताना मला काही जड जात नाही – म्हणूनच बहुधा इतकं लांबण लावते आहे.

भोंगवली माझं माहेर आहे.

निघताना भावजी म्हणाले होते, “वैनी, बाकी कायबी बघू नका एकवेळ. ट्रॉलीला सोताचा ब्रेक नसतो. भरलेली ट्रॉली लावा, चढावर मधीच थांबवा, पाय काढा आन निस्ता हँडब्रेक वढा. दोन मिनिटं हलली न्हाई, तरच घ्या.” बरं, मला हे माहीत नव्हतं का? होतं. आमच्या भागात जुनी गाडी घेताना कुणीही हेच करतं.

गाडीचे मालक आबा आमच्या आईच्या शेजारचे. त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली मी. अंगणात पाच-सहा जण बसलेले, आईनं घरी पुरण घातलेलं, मुहूर्त पाडव्याचा. टाकीची ट्रॉली पाण्यानं भरून मागे उभीच होती आणि ओढ्याकडून वर येणारा चढ दोनशे पावलांवर. मी म्हटलं, “आबा, जरा ट्रॉली लावून चढावर नेऊन आणते.” तर ते सगळ्यांकडे बघून हसले. “बघा रं! माहेरची वस्तू बी ठोकून बघती आता. सासरनं चांगलं शिकीवलंय की सुनंदेला!” सगळे हसले. आई दारात उभी होती. ती हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं – लेकीनं माहेरचं दिलेलं उलटून बघायचं नसतं, साडी असो की भांडं, हे तिनंच शिकवलेलं.

मी किल्ली उचलली. मोकळी गाडी गावातून एक चक्कर फिरवली. ट्रॉली लावली नाही. चढावर नेली नाही. पुरणपोळी खाल्ली आणि गाडी घेऊन आले.

मंगल ताट घेऊन दारात उभी होती. तिनं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदीकुंकू लावलं. भावजींनी पहिलं तेच विचारलं, “चढावर थांबवली का?” मी म्हटलं, “थांबवली. जागची हलली नाही.”

किती सहज म्हटलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? भावजींनी त्याच दिवशी टिलर चढवून आमच्या वळणावरच्या चढावर गाडी उभी करून बघितली असती. पण मग माझ्याच तोंडानं म्हणावं लागलं असतं ना, की मी न बघता गाडी आणली – मी!

आषाढात चिखलणी सुरू झाली. त्या दिवशी मी घरी होते, हे मागाहून कळलेलं सांगते. भावजी टिलर लादून निघाले होते, मंगल मागच्या सीटवर. अरुंद चढावर वरून एसटी आली. भावजींनी गाडी कडेला दाबली, थांबवली, हँडब्रेक ओढला आणि ट्रॉलीचं चाक रस्त्याच्या बाहेर तर जात नाही ना, ते बघायला उतरले. गाडी मागे सरकायला लागली. भावजी दुसऱ्या अंगाला होते. मंगलनं उडी टाकली आणि कडेचा दगड उचलून ट्रॉलीच्या चाकामागे लावला. दगड बसला. गाडी थांबली. पण तिचा हात निघाला नव्हता.

उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. तिसरं वळत नाही.

भोरला दवाखान्याच्या व्हरांड्यात भावजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते – “म्या वढला व्हता. ब्रेक म्या वढला व्हता.” सासरे कडाडले, “सूनबाईनं चढावर उभी करून आणलेली गाडी. ती काय आपली आपण घसरंल व्हय? इसरलास, आन आता बोलतोस!” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भावजींनीही. मी मान हलवली. एवढंच केलं. होय, थांबवली होती, अशी मान.

त्या दिवसापर्यंत भावजी बिनचूक गाडी चालवणारे म्हणून गावात ओळखले जायचे. माझ्या एका मानेनं ते बायकोचा हात घालवणारे झाले.

तुम्ही म्हणाल, तुला तरी काय माहीत, ब्रेकच खराब होता म्हणून? तेही सांगते. तिसऱ्या दिवशी गाडी धुवायला नेते असं सांगून मी लांबच्या एका गॅरेजमध्ये गेले, जिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मिस्त्रीनं हँडब्रेकची केबल काढून माझ्यासमोर धरली. आतल्या तारा निम्म्याहून जास्त तुटलेल्या, तुटलेली टोकं गंजून काळी पडलेली. म्हणजे जुनंच दुखणं. “बाई, ही सपाटीला गाडी धरंल. चढावर वज्याला कशी धरंल?” मी नवी केबल बसवून घेतली आणि जुनी तिथंच भंगारात टाकली. घरी आल्यावर भावजींनी स्वतः गाडी चढावर नेऊन हँडब्रेक ओढून बघितला. गाडी घट्ट उभी राहिली. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून होते. मी ओसरीतून बघत होते.

त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. गाडी मी चालवते. भावजी विंझरला जायचं झालं तर फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहतात. टिलर विकला.

मंगलला आता भाकरी थापता येत नाही. आवणीत तिच्यासारखा भराभर रोप लावणारा हात आमच्या वाडीत नव्हता, ती आता बांधावर बसून रोपांच्या मुठी पुढे सरकवते. माझ्याशी तिचं वागणं चांगलं आहे. तिचा राग सगळा नवऱ्यावर. पाहुणे आले की हसत हसत म्हणते, “ह्यांच्या हातात गाडी नगा देऊ बाबा, बैल द्या. बैल आपला आपण थांबतो.” पाहुणे हसतात. भावजीही हसतात. सुरुवातीला हसत नव्हते.

एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. भिडेपोटी एक खोटं बोलले, मग ते मागं घेता आलं नाही – अशी स्वतःची समजूत घालून मी बरी चालले होते. पण गेल्या माघात एका दुपारी मी परड्यात वाल सोलत बसले होते, आणि भावजी येऊन पायरीवर टेकले. आठ वर्षांत त्यांनी मला कधी सरळ विचारलं नव्हतं.

“वैनी, एक इचारू का? राग नगा मानू. माझ्या हाताला अजून वाटतं की म्या वढला व्हता. डोकं म्हणतं न्हाई, पण हाताला आठवतंय. गाडी तुमी बघितली व्हती. खरंच धरत व्हता का ब्रेक, चढावर?”

परड्यात दुसरं कुणी नव्हतं. हसायला भोंगवलीची माणसं नव्हती, आई नव्हती, सासरे नव्हते. मंगल आत होती, हाकेच्या अंतरावर. माणूस समोर बसला होता आणि मला मोकळेपणानं विचारत होता. मला विचार करायला वेळ होता. मी तो घेतला.

म्हटलं, “धरत होता, भावजी.”

त्यांनी मान डोलावली. “मंग मीच. बरं झालं इचारलं. आता डोक्यातनं काढून टाकतो.” आणि उठून गोठ्याकडे गेले.

मी त्यांना परत हाक मारली नाही. तेव्हा नाही, आणि त्यानंतर रोज सकाळी ते दुधाची कासंडी माझ्यासमोर आणून ठेवतात, तेव्हाही नाही.