साळवे काकांच्या अकरा वह्या

काकूंचा फोन आला तेव्हा मी मानेसरहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. "काका गेले गं. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत." बस ट्रॅफिकमध्ये अडकलेली. काकांचं घर आर. के. पुरमला, अजून तासभर लांब. उतरून धावावं तरी कुठे...

याला दीड महिना झाला. साळवे काका आमच्या गावचे, इथे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनो होते. साहेब बोलायचे, काका शॉर्टहँडमध्ये उतरवायचे. मी गावाहून राजधानीत शिकायला आले, जवळच मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहिले, तेव्हापासून रविवारचं जेवण त्यांच्याकडेच. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, आणि माझ्याआधी काका सांगत.

निवृत्तीनंतर त्यांना एकच वेड लागलं, आर्थर राजाचं. दगडातून तलवार उपसणारा तो. "इंग्रजांचा राजा नव्हेच तो," काका हातातली पोळी तशीच धरून सांगत. "वेल्सच्या लोकांचा. इंग्रजांचे पूर्वज चालून आले, त्यांच्याशीच लढला. पुढे त्यांनीच त्याला आपला म्हणून मिरवला! ते गोल टेबल वगैरे सगळं नंतरचं." जुन्या वेल्श गोष्टीत म्हणे हा राजा एका रानडुकरामागे देशभर धावतो, त्याच्या दोन कानांच्या मधोमध अडकलेला कंगवा, कात्री आणि वस्तरा मिळवायला. मी विचारलं, "काका, तिकडे न्हावी नव्हता का?" ते इतके हसले की ठसका लागला, काकू पाणी घेऊन धावल्या.

"हस तू, इंजिनिअर. पण मराठीत हे मी सांगणार. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवलं, हे माझं."

हाताला सवय ती, त्यांनी पुस्तकही शॉर्टहँडमध्येच लिहिलं. अकरा वह्या. ठरलं असं की दर रविवारी त्यांनी वाचायचं, मी टाइप करायचं. चार पानं झाली आणि माझ्या शिफ्ट बदलल्या. "दिवाळीनंतर बसू, काका. बिल्कुल."

"चलो, राजा पंधराशे वर्षं थांबलाय. दिवाळीपर्यंत थांबेल."

तेराव्या दिवशी काकूंनी वह्या माझ्या हातात दिल्या. "तूच पूर्ण कर गं." मी त्या काकांच्या ऑफिसातल्या एका जुन्या स्टेनोंकडे नेल्या. त्यांनी चष्मा दोनदा पुसला. "प्रत्येकाचा हात वेगळा, बेटा. त्यात ही असली नावं. साळवेचं साळवेलाच वाचता येणार." आणखी दोघांनी तेच सांगितलं.

माझी आई माझी मार्कशीट हातात धरून बसायची. तिला वाचता येत नव्हतं. माझं नाव कुठे आहे, तेवढं मी तिला बोट ठेवून दाखवलं होतं. आता मी तशी बसते, शिकलेली, पगारदार...

काकांनी मला एकच खूण शिकवली होती. एक छोटी बाकदार रेघ, खाली ठिपका. "हा बघ आर्थर." रविवारी मी वही उघडते आणि ती खूण शोधते. राजा कुठे कुठे येतो ते मला दिसतं. अकराव्या वहीच्या शेवटच्या पानावर तो एका ओळीत तीनदा आलाय. तिथे त्याचं काय होतं, ते मला कळत नाही.