कापडाची कात्री

मास्तरांच्या घरात कायदा एकच होता: कापडाच्या कात्रीला कागद दाखवायचा नाही. कागदानं धार मरते. लेक लहान असताना तिनं त्या कात्रीनं एकदा चित्र कापलं, तर एरवी मुंगीलाही न दुखवणारे मास्तर असे भडकले की पोरगी दिवसभर आईच्या मागे लपून होती. बायकोनं तर लग्न झाल्यापासून त्या कात्रीनं काही कापलं नव्हतं. कापणार तरी काय? भाजी तर काही तिनं चिरता येत नाही.

आणि त्याच बायकोनं एका दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि त्या कात्रीनं बुटांच्या खोक्याचे पुठ्ठे कापले. पुठ्ठ्यानं समाधान होईना, म्हणून डब्याचं पत्र्याचं झाकण कापलं. शेवटी दोन्ही पाती ओट्याच्या कडेवर घासली. का, ते ऐका.

कोट बेतावा तर मास्तरांनीच, असं गिऱ्हाइकं म्हणायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गेल्या वर्षी मास्तर हळूहळू गप्प होत गेले. जेवण कमी झालं, झोप उडाली, बेतलेली कापडं टेबलावर तशीच पडून राहू लागली. लोक म्हणाले, थकवा आहे, हवापालट करा, मन रमवा. लोकांचं काय जातं? एक दिवस बाई चहा घेऊन पुढे गेल्या, तर मास्तर उघडी कात्री मांडीवर घेऊन बसले होते. समोर कापड नव्हतं.

"काय करताय हो?"

"काही नाही. मी नसलो तर तुम्हा दोघींचं बरं होईल, असं वाटत होतं."

आवाज असा, की जणू बटणं संपली म्हणून सांगतायत. बाईंनी चहा खाली ठेवला, मांडीवरची कात्री उचलली आणि नवऱ्याचा हात धरून तसाच दवाखाना गाठला. तेव्हापासून घरातली सुरीसुद्धा कपाटात, कुलपात. किल्ली बाईंच्या गळ्यातल्या दोऱ्याला.

दवाखान्यात राहणं झालं, गोळ्या सुरू झाल्या. मास्तर जेवायला लागले, लेकीची थट्टा करायला लागले. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता यांना थोडं काम करू द्या. तुम्ही समोर असताना कात्री द्या, काम झालं की ठेवून द्या. पण गोळ्या टाळायला लागले, किंवा आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागले, तर मला लगेच कळवा."

बाईंनी मान हलवली खरी, पण कपाट उघडलं आणि परत लावून घेतलं. कात्री द्यायची, तर बोथट करून देऊ. काम होवो न होवो, माणूस तरी राहील. हसू नका या हिशेबाला. मांडीवरची ती कात्री तुम्ही पाहिली नव्हती.

पहिलं काम जुन्या ओळखीच्या वकिलांच्या कोटाचं आलं. मास्तरांनी खडूनं रेघा मारल्या, त्या नेहमीसारख्या सरळ आल्या. बाई दारात उभ्या. मास्तरांनी कात्री चालवली आणि कापड कापलं जायच्या ऐवजी दोन पात्यांत दुमडलं. पुन्हा चालवली. कडेला धाग्यांच्या झिपऱ्या आल्या. मास्तरांनी कात्री हलकेच टेबलावर ठेवली.

"हात गेला," ते म्हणाले.

"अहो, इतक्या दिवसांनी धरलीत, म्हणून."

"नाही गं. गोळ्यांनी थोडा थरथरतोच. गेला हात."

आता कुणीही म्हणेल, जन्म कात्रीत गेलेल्या माणसाला धार मेलेली कळू नये? पण त्या कात्रीनं कापडाशिवाय काही कापायचं नाही, हा त्यांच्याच घरचा कायदा. मग ती बिघडेल कशी? आणि या दुखण्याची खोडच अशी, की काही फिसकटलं की माणूस दोष आधी स्वतःला देतो आणि पुढे शोधतच नाही. मास्तरांनी पात्यावरून अंगठासुद्धा फिरवून पाहिला नाही.

बाईंची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. खरं सांगावं तर त्याचा अर्थ एकच, की माझा तुमच्यावर भरवसा नाही. न सांगावं तर माणूस डोळ्यांसमोर खचतोय. मास्तरांनी दाढी करणं सोडलं. ताटावरून अर्ध्यातून उठायला लागले. "उद्या सांगते," असं बाई रोज मनाशी म्हणत राहिल्या. स्वतःचाच राग यायचा त्यांना, पण तोंड उघडत नव्हतं.

बोथट कात्रीला कुलूप कशाला, म्हणून ती आता दुकानातच पडून असायची. मग एका सकाळी ती टेबलावर दिसली, फलालीनच्या मऊ फडक्यात नीट गुंडाळलेली.

"पलीकडच्या गल्लीतला नवा शिंपी येईल न्यायला," मास्तर म्हणाले. "चांगली कात्री आहे. त्याच्या हाती तरी चालेल."

बाई आत गेल्या आणि सरळ अंथरूण झटकलं. उशीच्या अभ्र्यातून गोळ्या खाली पडल्या. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "आत्ता घेऊन या," त्या म्हणाल्या. "तोवर एकटं सोडू नका." बाई पुढच्या खोलीत आल्या, फडक्याची गाठ सोडली आणि कात्री उघडून मास्तरांसमोर धरली.

"अंगठा फिरवून बघा."

"कशाला?"

"बघा म्हणते ना."

मास्तरांनी कंटाळत अंगठा फिरवला. थांबले. कात्री उजेडाकडे नेली, एक डोळा मिटून पात्याची कड पाहिली.

"कागद?"

"पुठ्ठा," बाई म्हणाल्या. "आणि डब्याचं झाकण. मग ओट्यावर घासली. मी."

"झाकण? पत्र्याचं?" मास्तरांचा आवाज चढत गेला. "अक्कल गहाण टाकली होतीस का? वडिलांची कात्री आहे ती. आणि मी इथे हात गेला म्हणून..." कितीतरी महिन्यांनी ते कुणावर ओरडत होते. बाईंना रडू फुटलं, पण त्या मागे सरल्या नाहीत.

"भीती वाटली मला. रोज वाटते. तुम्ही न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिलात तरी मी दाराशी येऊन उभी राहते. तुमचा हात गेलेला नाही. माझा धीर गेला होता."

मास्तरांनी कात्री मिटून फडक्यावर ठेवली.

"तुझी भीती खोटी नव्हती," ते म्हणाले. "त्या दिवशी मनात तेच होतं. आणि आता परत यायला लागलंय. गोळ्याही सोडल्या. हात नाही, तर गोळ्या कशाला, असं वाटलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू कुठे सांगितलंस मला?"

दोघांची चोरी सारखीच निघाली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही फैलावर घेतलं. गोळी बदलली, थरथर कमी होईल म्हणाल्या. रोज संध्याकाळी बाईंनी तोंडावर विचारायचं, आज मनात आलं का, आणि मास्तरांनी खरं सांगायचं, एवढं ठरलं. कात्री तूर्त कपाटातच राहिली.

मास्तर काही दिवस "आलं होतं" म्हणायचे. बाई रात्र जड मनानं काढायच्या, सकाळी डॉक्टरीणबाईंना सांगायच्या. मग "थोडंसं" म्हणायला लागले. मग एकदा म्हणाले, "आज नाही आलं. उद्याचं माहीत नाही." पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कात्री काढा आता.

दोघं धारवाल्याकडे गेले. त्यानं पाती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, हिनं काय दगड कापलेत?"

मास्तरांनी बायकोकडे तिरप्या नजरेनं पाहिलं, पण नाव घेतलं नाही.

"धार कितपत लावू?" धारवाल्यानं विचारलं.

सांगणं मास्तरांना सहज जमलं असतं, पण ते बाईंकडे बघत उभे राहिले. बाईंचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. भीती होती तिथेच होती.

"पूर्वी होती तशी," बाई म्हणाल्या.