चहाच्या आधी मीटर

चिंचपोकळीला बाबांचं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं गॅरेज आहे. तिथला एक नियम मी लहानपणापासून बघत आले: गाडी आली की बॉनेट उघडायचं, समोरच्या टपरीवरून चहा मागवायचा आणि इंजिन गार झाल्यावरच हात लावायचा. तरुणपणी बाबांचा हात चांगलाच भाजला होता, त्यामुळे या नियमापुढे कोणाचं काही चालत नसे.

ऑफिसची नोकरी सोडून मी गॅरेजमध्ये आले, तेव्हा काम जमतं का ते दाखवायला बाबांनी मला तीन महिने दिले होते. शेवटच्या आठवड्यात नायगावच्या एका टॅक्सीवाल्याची गाडी तिसऱ्यांदा परत आली. तासभर पळाली की वाटेत बंद पडायची, वीसेक मिनिटांनी गुमान चालू व्हायची. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा क्रँक सेन्सर मी वायरिंग तपासायचं मीटर लावून दोनदा मोजला होता. दोन्ही वेळा आकडा अगदी बरोबर.

"ही गाडी नीट झाली नाही, तर सोमवारपासून पुन्हा नोकरी बघ," बाबा म्हणाले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

त्या दुपारी टॅक्सी गॅरेजच्या दारातच बंद पडली. बाबांनी सवयीने चहा सांगितला. ग्लास हातात आला आणि मला स्वतःचाच राग आला. आमचा चहा होईपर्यंत बिघाडही गार होत होता! आजवर आम्ही फक्त बरा झालेला सेन्सर मोजत होतो.

मी ग्लास खाली ठेवला आणि जाड हातमोजे चढवले.

"अगो, इंजिन तापलंय! आधी च्या पी!" बाबा ओरडले.

"आज नाही, बाबा."

सेन्सरचा प्लग काढून मीटरच्या पिना लावल्या. आकडाच नाही. आतली तार तुटल्याची खूण. मीटर मी बाबांच्या नाकासमोर धरलं. पंधरा मिनिटांनी सेन्सर गार झाला आणि आकडा निमूटपणे परत आला. चोर रंगेहाथ सापडला होता! नवा सेन्सर बसवला आणि टॅक्सीवाल्याला गाडी भर उन्हात पळवून आणायला सांगितली.

संध्याकाळी तो हॉर्न वाजवतच आला. "ताई, एकदा पण बंद नाय पडली!"

मला भर रस्त्यात नाचावंसं वाटलं.

सोमवारी मी गॅरेजमध्येच होते. एक तापलेली गाडी आली, तसा टपरीवाला न सांगताच किटली घेऊन निघाला. बाबांनी हात करून त्याला अडवलं.

"च्या मागाहून आण रे. माझी पोरगी मोजतेय."